समुद्रापलीकडची आई

लग्नामुंजीच्या पंगतींत अळूचें फदफदें नसेल तर आपल्याकडील वडील मंडळींना पंगत अपुरी वाटते. परंतु अळूच्या पानांवर आपलें जेवढें प्रेम आहे तेवढें त्याच्या कंदावर नाहीं. पॅसिफिक महासागराच्या मध्यभागीं असलेल्या हवाई बेटांत नेमकें याच्या उलट आहे. तेथील मूळच्या रहिवाशांचें परंपरागत मुख्य अन्न म्हणजे अळूचा कंद. तो भट्टींत वाफवावयाचा, सोलून लांकडी पाटावर दगडी बत्त्यानें कुटावयाचा, पाणी घालून खळीसारखा करावयाचा, आणि सगळ्यांनीं एकाच कटोऱ्यांतून बोटांनीं चाटून खावयाचा. या पदार्थास ते 'पोई' म्हणतात. ताजी पोई बेताची गोड लागते. दोनचार दिवसांनीं ती आंबते, आणि पुष्कळांना ती आंबलेलीच अधिक रुचते. त्या लोकांची अशी एक पुराणकथा आहे कीं, आकाशपित्याचें एक मूल मृत जन्मलें, तें जेथें पुरलें तेथून अळू उगवला. आणि त्याच्या पाठीवर जें मूल जगलें त्यापासून मनुष्यांचा वंश वाढला. म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ. पोईचा कटोरा उघडा असेपर्यंत घरांत कोणीं भांडावयाचें नाहीं, अशी त्यांची चाल होती. थोरल्या भावासमोर आवाज चढवावयाचा नाहीं, हा तिचा अर्थ एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना फोड करून सांगावयास नको.

या कटोऱ्याभोंवतीं १८५४ सालच्या शरद ऋतूंत एक पंधरा वर्षांचा गोरा मुलगा येऊन बसला. तो धर्मोपदेशक म्हणून आला होता.

मिशनरी म्हटला कीं आपल्या घरांतून कपाळाला आठी पडते, आणि त्याला कारणेंहि आहेत. आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो तो बंगला, शाळा, दवाखाना आणि सरकारदरबारीं वजन असलेला पाद्री. ज्याची हकीकत येथें सांगावयाची तो तसा नव्हता. त्याला बंगला नव्हता, पगार नव्हता, आणि वय म्हणाल तर आपल्याकडे मुलगा दहावीच्या वर्गांत बसतो तेवढें. त्याचा धर्म आपल्याला पटो वा न पटो. परमुलुखांत, परक्या चुलीवर चार वर्षें वाढलेल्या या पोराचें पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे.

त्याचें नांव जोसेफ एफ. स्मिथ. अमेरिकेंत 'मॉर्मन' या नांवानें ओळखला जाणारा जो पंथ १८३० सालीं निघाला, त्याच्या संस्थापकाचा हा पुतण्या. १३ नोव्हेंबर १८३८ रोजीं मिसूरी प्रांतांत तो जन्मला तेव्हां त्याचा बाप हायरम कैदेंत होता. २७ जून १८४४ रोजीं इलिनॉय प्रांतांतील कार्थेज येथील तुरुंगावर जमावानें हल्ला केला आणि त्याचा बाप व चुलता या दोघांनाहि गोळ्या घालून ठार मारलें. त्या वेळीं हा पांच वर्षांचा. पंथाच्या लोकांना तो मुलूख सोडावा लागला. त्याची विधवा आई मेरी हिनें मुलांना घेऊन गाड्या जोडल्या, आणि नऊ वर्षांच्या जोसेफानें बैल हांकीत, ओसाड माळरानें तुडवीत सॉल्ट लेकचें खोरें गांठलें. तें साल १८४८. तेथें चार वर्षें गुरें राखून जरा स्थिरस्थावर होतें न होतें तोंच, १८५२ च्या सप्टेंबरांत आईहि गेली. मागें राहिला तो आणि त्याची धाकटी बहीण मार्था अॅन. तो तेरा वर्षांचा, ती अकरांची.

यापुढील दीड वर्षाविषयीं त्यानें स्वतःच पुढें एका पत्रांत लिहिलें आहे कीं, आपण त्या काळांत धूमकेतूसारखे होतों. आपल्याला धरून ठेवणारें, मार्गावर ठेवणारें कांहींच नव्हतें. शाळेंतील एक प्रसंग तो सांगत असे. एके दिवशीं मास्तरांनीं त्याच्या बहिणीला शिक्षेसाठीं पुढें बोलाविलें, चामड्याची वादी काढली आणि हात पुढें करावयास सांगितलें. जोसेफ जागेवरून ओरडला कीं, तिला त्यानें मारूं नका. मास्तर वादी घेऊन त्याच्यावर धांवले. पण मार बसला तो मास्तरांनाच. झालें, त्याची शाळा सुटली. त्यानंतर लौकरच, १८५४ च्या एप्रिलांतील पंथाच्या सभेंत, परदेशीं धर्मप्रचारास जावयाच्या मंडळींत त्याचें नांव वाचलें गेलें. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध पुष्कळजण जोडतात. द्वाड पोराला दूर कोणाच्या तरी हाताखालीं घालावें, म्हणजे वळण लागेल, हा विचार आपल्याकडील वडीलधाऱ्यांनाहि अपरिचित नाहीं. फरक एवढाच कीं आपल्याकडे पोराला मामाकडे पाठवितात. याला समुद्रापार पाठविलें, आणि तेंहि शिकावयाला नव्हे, शिकवावयाला!

प्रवासाला पैसे नव्हते. कॅलिफोर्नियांत लांकडाच्या फळ्या पाडण्याच्या कामावर मजुरी करून त्यानें आणि सोबत्यांनीं जहाजाचें भाडें जमविलें, आणि २७ सप्टेंबर १८५४ रोजीं तो होनोलुलूस उतरला. हवाईंत तेव्हां स्वतंत्र राजा राज्य करीत होता. प्रॉटेस्टंट पंथाचे अमेरिकन मिशनरी १८२० पासून तेथें होते. त्यांनीं तेथील भाषेला लिपि दिली, आणि १८३९ पर्यंत सबंध बायबल त्या भाषेंत आणलें. परंतु गोऱ्यांबरोबर गोऱ्यांचे रोगहि आले होते. आदल्याच वर्षीं, १८५३ मध्यें, देवीच्या सांथीनें हजारों माणसें मेलीं होतीं. अशा शोकग्रस्त लोकांत हा पोरका मुलगा येऊन पडला.

मॉर्मन उपदेशकांचा त्या काळचा नियम असा कीं, बरोबर पैसा घ्यावयाचा नाहीं. जेथें जाल तेथें जो थारा देईल त्याच्या घरीं राहावयाचें, जें मिळेल तें खावयाचें. आपल्याकडे वार लावून जेवणारा विद्यार्थी असे, माधुकरी मागून शिकणारा बटु असे, तशांतलाच हा प्रकार. ज्यांनीं तसे दिवस काढले त्यांना विचारा. अमक्या घरचें पिठलें आणि तमक्या घरच्या काकूंचा शब्द हीं त्यांना जन्मभर आठवत असतात, मग त्यांनीं शिकलेलें व्याकरण विसरलें तरी चालतें.

हा नियम पाळणें सोपें नव्हतें. या पंथाचे पहिले दहा उपदेशक १८५० च्या डिसेंबरांत हवाईंत आले. आपण गोऱ्यांना उपदेश करावयास आलों, गोरे ऐकत नाहींत, तर राहून काय करावयाचें, असें म्हणून त्यांतले निम्मे लौकरच घरीं परतले. जे राहिले त्यांत जॉर्ज कॅनन नांवाचा तेवीस वर्षांचा एक तरुण होता. धंद्यानें तो छापखान्यांतला. पोईचा पहिला घास घेतांना त्याला छापखान्यांतील शिळ्या खळीच्या भांड्याची आठवण झाली आणि मळमळून आलें. पण ज्यांच्या घरीं राहावयाचें त्यांचेंच अन्न गोड लागलें पाहिजे, नाहीं तर आपण त्यांच्यावर भार होऊं, असें मनाशीं ठरवून त्यानें देवाची प्रार्थना केली कीं, एवढी पोई मला गोड करून दे. ती गोड झाली, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. मला या माणसाच्या मोठमोठ्या प्रवचनांपेक्षां ही लहानशी प्रार्थना अधिक मोलाची वाटते. पुढें वायलुकूच्या योनाथान नापेला नांवाच्या हवाईयन न्यायाधीशाच्या मदतीनें त्यानें आपला पंथग्रंथ हवाईयन भाषेंत उतरविला, आणि तो १८५५ त सॅन फ्रान्सिस्कोस छापला. एकाच कटोऱ्यांतून जेवल्याशिवाय असलें काम होत नसतें.

जोसेफाला माउई बेटावर कूला या भागांत पाठविलें. हलेआकाला नांवाचा, दहा हजार फुटांवर उंच असलेला ज्वालामुखी पर्वत आहे, त्याच्या उतारावरचा हा प्रदेश. त्याच्याबरोबरचे गोरे सोबती निरनिराळ्या ठिकाणीं वांटले गेले, आणि त्याला ज्यांची भाषा येत नाहीं अशा माणसांत राहणें भाग पडलें. गवतानें शाकारलेलीं घरें, खालीं केतकीच्या जातीच्या पानांच्या चटया, पांघरावयास झाडाची साल कुटून केलेलें कापड. पहांटे घरच्या मंडळींबरोबर प्रार्थना, मग वाचन, पुन्हा पुन्हा भाषेची घोकणी; दुपारीं डोंगरवाटेनें पायीं पुढल्या गांवीं; संध्याकाळीं चार माणसें जमतील तेथें दोन शब्द. फाटलेलें आपण शिवावयाचें, मळलेलें आपण धुवावयाचें. हवाईयन भाषा कानाला फार मऊ. तिच्यांत सारे शब्द स्वरांतच संपतात. जोसेफ हें नांव त्या लोकांच्या जिभेवर 'योसेपा' झालें. निघतांना पंथाच्या एका वडिलांनीं आशीर्वाद दिला होता कीं, तुला ती भाषा ईश्वरी कृपेनें आणि अभ्यासानें, दोहोंनींहि येईल. शंभर दिवसांत ती बोलतां येऊं लागली, असें तो सांगे. ईश्वरी कृपेचा भाग देवच जाणे. पण जेथें पाणी मागावयाचें तरी तीच भाषा लागते, तेथें पंधरा वर्षांच्या पोराला भाषा न येईल तरच नवल!

भाषा येण्याच्या सुमारासच त्याला तापानें घेरलें. ताप साधा नव्हता. तो कित्येक आठवडे चटईवर पडून होता, आणि सुश्रूषेला आपलें म्हणावें असें माणूस हजारों मैलांत नव्हतें. त्या वेळीं मा माहुही नांवाच्या हवाईयन बाईनें त्याला आपल्या घरांत घेतलें, आपल्या लेकरासारखी त्याची उस्तवारी केली, आणि मरणाच्या दारांतून त्याला परत आणलें. त्या लोकांत दुसऱ्याचें मूल आपल्या घरीं वाढविण्याची फार जुनी रीत आहे; तिला ते 'हानाई' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ खाऊं घालणें. आपल्याकडे 'पोसणें' या एका शब्दांत जेवूं घालणें आणि वाढविणें हीं दोन्ही आलींच कीं नाहीं? आई गेल्याला दोन वर्षें झालीं होतीं. मध्यंतरीं त्याला जेवूं घालणारे भेटले असतील, पोसणारें कोणी भेटलें नव्हतें.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. या मुलाला त्या लोकांविषयीं आदर होता असें नाहीं. आपल्या हलाखीचे दिवस म्हातारपणीं सांगतांना त्यानें म्हटलें कीं, आपण जवळजवळ उघडे व निराधार होतों. स्नेह होता तो काय एका गरीब, अंधारांत पडलेल्या, अवनत लोकांचा. ज्यांचें अन्न खाल्लें त्यांनाच हें विशेषण! वाचतांना राग येतो. पण आपल्याकडेहि, ज्या कुळंबिणीनें लहानपणीं अंगाखांद्यावर खेळविलें तिला ओसरीच्या खालीं बसविणारीं घरें आपण पाहिलींच नाहींत काय? हा अंधार कोणा एका वर्णाच्या माणसांनीं मक्त्यानें घेतलेला नाहीं.

त्याच दिवसांतील त्याचें एक स्वप्न त्याच्या पंथांत प्रसिद्ध आहे. आपण कोठेंतरी घाईघाईनें चाललों आहों, हातांत रुमालांत बांधलेलें लहानसें गांठोडें आहे. एका मोठ्या वाड्यापाशीं आलों तों स्नानगृहाची पाटी दिसली. आंत जाऊन अंग स्वच्छ धुतलें, गांठोडें सोडलें तर त्यांत शुभ्र वस्त्रें. तीं नेसून दारापाशीं गेलों तेव्हां मारला गेलेला चुलता दारांत उभा. उशीर केलास, म्हणून त्यानें टोंकलें. त्यावर, उशीर झाला खरा, पण मी स्वच्छ होऊन आलों, असें याचें उत्तर. आंत बाप होता आणि आई मांडीवर मूल घेऊन बसली होती. जागा झाल्यावर आपण पोर राहिलों नाहीं, पुरुष झालों, असें त्याला वाटलें. स्वप्नाची चिकित्सा ज्यांना करावयाची त्यांनीं करावी. मला त्यांत दिसतो तो, आईबाप ज्या घरांत गेले तेथें आपल्याला घेतील कीं नाहीं या धास्तीनें झोपेंत तळमळणारा मुलगा. ती धास्ती त्या रात्रीं गेली.

त्याच्या पहिल्या दीड वर्षाच्या रोजनिशा आज नाहींत. लानाई बेटावर मंडळींचें सामान ज्या घरांत ठेवलें होतें त्याला आग लागली आणि त्यांत पेट्या, कपडे, पुस्तकें सारें जळालें. त्यानंतर कांहीं दिवस त्याच्यांत आणि त्याच्या सोबत्यांत मिळून अंगावर घालण्याजोगा एकच पोशाख उरला होता, असें सांगतात. एकजण तो घालून सभेला जाई तेव्हां दुसरा अंथरुणांत पडून राही. दुसरा गेला कीं पहिला अंथरुणांत!

उरलेल्या रोजनिशांइतकींच बहिणीला लिहिलेलीं पत्रें बोलकीं आहेत. सोळा-सतरा वर्षांचा हा भाऊ समुद्रापलीकडून धाकटीला बजावतो: नीट अभ्यास कर, वडिलांचें ऐक, वागणूक चांगली ठेव. उपदेशाचा सूर पाहून हंसूं येतें, कारण मास्तरांना बडविणारा तो हाच. पण दुसऱ्याला सांगतां सांगतां माणूस स्वतःला सांगत असतो, आणि चार वर्षें जो रोज इतरांना सांगत होता त्याला तें थोडेंतरी ऐकूं आलें असलेंच पाहिजे. मार्था अॅनचें लग्न १८५७ च्या एप्रिलांत झालें तेव्हां भाऊ बेटावरच होता. तेथें कानपिळीची चाल नाहीं हें खरें. पण आईबापावेगळ्या मुलीच्या लग्नांत एकुलता पाठीराखा भाऊ नसावा, याचें दुःख कोणत्याहि देशांत सारखेंच. त्या भावाबहिणींचा पत्रव्यवहार पुढें साठ वर्षें चालला, आणि अलीकडे तो पुस्तकरूपानें छापलाहि गेला आहे.

१८५७ च्या ऑक्टोबरांत, यूटावर सरकारी फौज चालून येत असल्यामुळें, त्याला परत बोलाविलें गेलें. १८५८ च्या फेब्रुवारींत तो सॉल्ट लेकला पोंचला तेव्हां एकोणीस वर्षांचा होता. हवाईतील चार वर्षांनीं आपला तोल परत मिळाला आणि पुढल्या आयुष्याच्या मर्यादा आंखून दिल्या, असें तो त्या धूमकेतूच्या पत्रांतच म्हणतो. कोणत्या उपदेशानें, हें तो सांगत नाहीं. मला वाटतें, उपदेशाचा भाग त्यांत थोडा आणि चटईचा व कटोऱ्याचा अधिक.

पुढील चरित्र मोठें आहे, पण त्याचा येथें फारसा संबंध नाहीं. तो पंथाचा अधिकारी झाला. पंथांतील तत्कालीन चालीप्रमाणें त्यानें अनेक बायका केल्या, आणि त्यापायीं सरकारी अंमलदार मागें लागले तेव्हां, १८८५ पासून दोन वर्षें, त्याला लपावयास जागा मिळाली ती पुन्हा हवाईतच. १९०१ सालीं तो सबंध पंथाचा अध्यक्ष झाला.

हवाईयन लोकांनीं मात्र त्याचें नांव भलत्याच ठिकाणीं नेऊन ठेवलें. पंथांत आलेले कांहीं हवाईयन आपल्या पुण्यक्षेत्राजवळ राहावें म्हणून यूटांत गेले. शहरांत त्यांना काम मिळेना, शेजार मिळेना. मग १८८९ सालीं स्कल व्हॅली, म्हणजे कवटीचें खोरें, या नांवाच्या रुक्ष रानांत त्यांची वसाहत करून दिली, आणि तिला नांव दिलें 'योसेपा'. जेथें अळू उगवणें शक्य नाहीं, हिवाळ्यांत बर्फ पडतें, समुद्र तर स्वप्नांतहि दिसावयाचा नाहीं, तेथें त्या माणसांनीं अठ्ठावीस वर्षें काढलीं, झाडें लावलीं, मुलें वाढविलीं, मुलें पुरलीं. हवाईंतच मंदिर बांधावयाचें ठरल्यावर बहुतेक मंडळी स्वदेशीं परत गेलीं आणि १९१७ त गांव ओसाड पडला. स्मशान आहे, त्यांचे वंशज व इतर बेटवासी आजहि दरवर्षीं तेथें जमतात. गोऱ्या पाहुण्याला त्यांनीं घरांत घेतलें, आणि त्यांना मात्र रान दाखविलें गेलें, हा हिशेब कोणींतरी मांडून ठेवावयास पाहिजे.

योसेपा स्वतः मात्र विसरला नव्हता. अध्यक्ष असतांना तो एकदां होनोलुलूच्या धक्क्यावर उतरला, त्या वेळची हकीकत त्याच्या बरोबर असलेल्या निबली नांवाच्या मित्रानें लिहून ठेवली आहे. हवाईयन मंडळींची गर्दी झाली होती, वाद्यें वाजत होतीं, गळ्यांत फुलांच्या माळांवर माळा पडत होत्या. तेवढ्यांत नव्वदीला टेकलेली, दोन्ही डोळ्यांनीं आंधळी झालेली एक म्हातारी कोणाच्या तरी हाताला धरून गर्दींतून पुढें येऊं लागली. ती 'योसेपा, योसेपा' अशा हांका मारीत होती. त्यानें ती हांक ऐकली मात्र, आणि जमलेल्या थोरामोठ्यांना तसेंच सोडून, पांढऱ्या दाढीचा तो वृद्ध धांवत तिच्याकडे गेला, तिला पोटाशीं धरलें, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवीत 'आई, माझी आई' असें पुन्हा पुन्हा म्हणूं लागला. मग डोळे पुशीत निबलीकडे वळून त्यानें सांगितलें कीं, मी पोर असतांना आजारी पडलों, मला पाहणारें कोणी नव्हतें. हिनें मला घरांत घेतलें, ही माझी आई झाली.

मा माहुहीच्या हातांत चार चांगलीं, निवडलेलीं केळीं होतीं. पोरगा लांबून यावयाचा म्हणून तिनें तीं त्याच्यासाठीं आणलीं होतीं.